गावची शाळा, गावचा संघ

नृसिंहवाडीच्या घाटावर उभे राहिले की कृष्णा आणि पंचगंगा या दोन्ही नद्या एका नजरेत येतात. पंचगंगेच्या पलीकडे कुरुंदवाड, कृष्णेच्या पलीकडे औरवाड आणि तिथून पुढे गौरवाड, आलास, बुबनाळ अशी नदीकाठची गावे. काळी जमीन, ऊस आणि नदीच्या मळीतली वांगी यांचा हा शिरोळ तालुका. पण अशा गावांची आणखी एक ओळख असे आणि ती आता पुसट होत चालली आहे. ती म्हणजे गावच्या हायस्कुलाचा संघ.

संघ म्हणजे काही फार मोठी गोष्ट नव्हे. कबड्डीचे बारा गडी, खो-खोच्या बारा मुली, एक शिट्टी आणि एक ड्रिलमास्तर. गावात हायस्कूल आले की त्याच्या पाठोपाठ संघ येई. तालुक्याच्या सामन्यांना संघ निघाला की पोरांच्या मागे गाव निघे. कुणी सायकलवर, कुणी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कुणी चालत. जिंकले तर हलगी वाजवीत परत, हरले तर पंचाच्या नावाने खडे फोडीत परत. इंग्रजी-गणितात गावची शाळा शहरापुढे कमी पडेल, पण मैदानात सात विरुद्ध सातच. तिथे कुणी पट मोजत नाही.

लहान शाळा चालू ठेवायच्या की एकत्र करायच्या, हा प्रश्न आज महाराष्ट्रभर चर्चेत आहे. पटाचा, पगाराचा आणि खोल्यांचा हिशेब सगळे मांडतात. संघाचा हिशेब मात्र सहसा कुणी मांडत नाही. वाचकहो, तो आज मांडून पाहू.

हायस्कूल गावात आले कसे

छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. खेड्यातले पोर पाटीवर अक्षर गिरवू लागले ते तेव्हापासून. पुढे शिकायचे तर मात्र गाव सोडावे लागे. इंग्रजी शाळा असत त्या संस्थानिकांच्या गावी आणि शहरात. ज्याचे पाहुणे कोल्हापूर, सांगली किंवा मिरजेला, त्याला पुढचे शिक्षण. बाकीच्यांनी चौथी, फार तर सातवी करून नांगराची मूठ धरायची.

ही अडचण ज्यांनी मनावर घेतली ते कर्मवीर भाऊराव पाटील याच मुलखातले. त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी हातकणंगले तालुक्यातील कुंभोज येथे झाला. १९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली ती साताऱ्यास नेली. आधी वसतिगृह, मग शाळा असा त्यांचा क्रम होता. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. 'कमवा आणि शिका' हा तिथला मंत्र. पोरांनी शेतात राबावे, दगड फोडावेत आणि त्याच हातांनी पुस्तक उघडावे. अशा पोरांच्या अंगात खेळाला लागणारी रग आपोआप येते, ती वेगळी शिकवावी लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र भराभर पालटले. १९४८ साली कुरुंदवाडसारखी पटवर्धनी संस्थाने आणि १९४९ साली कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. रयतेच्या शाळा खेडोपाडी पसरल्या. १९५४ साली बापूजी साळुंखे यांनी श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था स्थापन केली आणि तिच्या हायस्कुलांचे जाळेही दक्षिण महाराष्ट्रात विणले गेले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या. गरिबांच्या मुलांना फीची सवलत मिळू लागली. सहकारी साखर कारखान्यांनी नदीकाठच्या शेतकऱ्याच्या हातात दोन पैसे आणले आणि 'आपल्या गावात हायस्कूल पाहिजे' अशी मागणी गावोगावच्या चावडीवर होऊ लागली.

ही हायस्कुले सुरुवातीला कुठे भरत? कुठे देवळाच्या ओवरीत, कुठे तालमीत, कुठे एखाद्या भल्या माणसाच्या वाड्यात. आठवीचा एक वर्ग निघे, पुढच्या वर्षी नववी, त्याच्या पुढच्या वर्षी दहावी. जागा कुणी दान करी, दगड-माती गाव श्रमदानाने वाही. त्यामुळे त्या शाळेवर सरकारचे किंवा संस्थेचे नाव असले तरी गावाला ती आपलीच वाटे. आणि आपल्या शाळेचा संघ म्हणजे गावाचा संघ.

दोन खांब आणि फक्कीची पिशवी

खेडेगावच्या हायस्कुलात क्रिकेटची बॅट आणि पॅड कुठून यायचे? हॉकीच्या काठ्या कुठून यायच्या? पण कबड्डीला लागते काय? साफ केलेली जमीन आणि रेषा मारायला फक्की. खो-खोला लागतात दोन खांब आणि तेवढीच फक्की. गरिबीतून हे खेळ वाढले आणि गरिबाच्या शाळेला ते शोभले.

या खेळांचा इतिहासही आपल्या मातीतला आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधण्याचे काम हाती घेतले. हुतूतूला एकसारखे नियम नव्हते. संजीवनी, गामिनी आणि अमर असे त्याचे तीन प्रकार खेळले जात. संजीवनीत बाद झालेला गडी पुन्हा उठे. गामिनीत एकदा बाद झाला तो बाहेरच बसे. अमर प्रकारात बाद झालेला गडीही मैदानातच राही आणि फक्त गुण मोजले जात. १९२३ साली बडोद्यास या खेळाचे मोठे सामने झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने आपले देशी खेळ जगाला करून दाखविले. १९५० साली कबड्डीचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला, १९५२ साली पुरुषांच्या आणि १९५५ साली महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये कबड्डी प्रदर्शनापुरती होती. १९९० साली बीजिंगला ती पदकाचा खेळ झाली आणि पहिले सुवर्णपदक भारतानेच मिळविले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात पुरुषांचे आणि महिलांचे अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने जिंकली आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच होते.

एवढा मोठा पल्ला या खेळांनी गाठला तो कुणाच्या जोरावर? शहरातल्या मंडळांच्या आणि खेड्यातल्या शाळांच्या. खेड्यातला ड्रिलमास्तर सकाळी पी.टी. घेई, दुपारी भूगोल किंवा हिंदी शिकवी आणि संध्याकाळी शाळा सुटली की शिट्टी गळ्यात अडकवून मैदानात उभा राही. कुणाच्या पायात लचक आहे, कुणाची पकड घोट्याला चांगली बसते, कोण दमाला कच्चा आहे, हे तो ओळखून असे. पोराला घरच्यांनी उसाला पाणी पाजायला ठेवून घेतले तर मास्तर थेट मळ्यात जाऊन म्हणत, "तासभर सोडा त्याला, सामना जवळ आला आहे." आणि बाप सोडी. मास्तरांचा शब्द मोडायची पद्धत नव्हती.

नदीकाठी आणखी एक खोट होती, ती पाण्याची. शालेय सामन्यांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि नेमक्या त्याच दिवसांत कृष्णा-पंचगंगा पात्र सोडतात. वाडीला दक्षिणद्वाराचा सोहळा झाला की भाविक आनंदाने स्नानाला येतात. पण तेच पाणी आणखी चढले की रस्ते बंद, शाळा बंद आणि सामनेही पुढे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी तर गावेच्या गावे हलविली आणि ज्या शाळा उंचावर होत्या त्या पूरग्रस्तांच्या छावण्या झाल्या. पाणी ओसरले की मैदानावर गाळ राहतो. शेतात गाळ आला तर पीक चांगले येते, मैदानात आला तर पोरे घसरून पडतात. तो गाळ खरवडून मैदान पुन्हा उभे करणे हे काम पोरे आणि गावकरी मिळून करतात. ज्या गावाला आपला संघ असतो, ते गाव हे काम लवकर करते.

बारा गड्यांचा हिशेब

आता मुख्य हिशेबाकडे येऊ. कबड्डीत सात गडी मैदानात आणि पाच राखीव, असे बारा. शाळेचा पट ऐंशी असो की आठशे, संघ बाराचाच.

समजा, एका पट्ट्यात आठ गावे आहेत आणि आठही गावांत लहान हायस्कुले आहेत. प्रत्येक शाळेचा मुलांचा एक आणि मुलींचा एक संघ धरला तर सोळा संघ झाले. सोळा बारे एकशे ब्याण्णव. म्हणजे एकशे ब्याण्णव मुलामुलींच्या अंगावर शाळेचा बनियन चढतो. आता ही आठ शाळा बंद करून मध्ये एक मोठी शाळा काढली, तर मुलांचे बारा आणि मुलींच्या बारा, एकूण चोवीस. राहिलेले एकशे अडुसष्ट जण कडेला बसून टाळ्या वाजवणार.

कुणी म्हणेल, चोवीस तरी चांगले निवडून येतील. ते खरे आहे. मोठ्या शाळेचा संघ जास्त तयारीचा असतो, जिल्ह्याला आणि विभागाला तो लांब मजल मारतो. पण पहिल्या दिवशी कोण चांगला आणि कोण वाईट हे कळते कुठे? आठवीत हडकुळा दिसणारा पोरगा दहावीत खांद्याने रुंद होतो. लहान शाळेत गडीच कमी, म्हणून त्या हडकुळ्यालाही उभे करावे लागते. पडत-झडत तो शिकतो. मोठ्या शाळेत निवडीच्या दिवशीच त्याला घरी पाठवतात आणि तो पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही.

लहान शाळेत आणखी एक गोष्ट आपसूक घडे. पाटलाचा पोरगा, मजुराचा पोरगा, कुंभाराचा आणि मागासवर्गीय वस्तीतला पोरगा एकाच साखळीत हात धरून उभे राहत. कबड्डीत हाताला हात धरल्याशिवाय पकड होत नाही. निवडायला जास्त मुलेच नसत, मग कुणाला वगळणार? गावात जे सहज घडत नव्हते ते मैदानाच्या रेषेत रोज घडे.

मुलींचा खो-खो

मुलींच्या बाबतीत हा हिशेब जास्त कडक आहे. शाळा गावातच असली तर संध्याकाळी तासभर खो-खो खेळून मुलगी दिवेलागणीच्या आत घरी येते. आईला स्वयंपाकात हात लावते, भावाला अभ्यासाला बसवते. शाळा दहा किलोमीटरवर गेली की शेवटची एस.टी. गाठायची असते. मग सराव कुठला? एस.टी.चा मोफत पास अहिल्याबाई होळकर योजनेतून शाळकरी मुलींना मिळतो, ही मोठी सोय आहे. पण पास असला म्हणून गाडी सराव संपेपर्यंत थांबत नाही.

शिक्षणहक्काच्या कायद्याने आपल्या राज्यात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असे ठरले आहे. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीच्या मुलीला त्याचा आधार नाही, आणि खेळात पुढे यायचे तर हीच वर्षे मोलाची. धाराशिवची सारिका काळे भारतीय खो-खो संघाची कर्णधार झाली आणि २०२० साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या साध्या घरातली ही मुलगी. अशा मुली घडायच्या तर मैदान घराजवळ हवे.

हायस्कूल ते हेलसिंकी

लहान ठिकाणच्या शाळेतून केवढी मजल मारता येते, हे खाशाबा जाधवांनी दाखवून दिले. कराडजवळचे गोळेश्वर हे त्यांचे गाव. कराडच्या टिळक हायस्कुलात ते शिकले, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जायचे तर पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी झाली आणि त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी ब्राँझपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. गुरुजींनी घर गहाण टाकावे आणि गावाने बैलगाड्या जुंपाव्यात, हे जवळच्या नात्यातूनच घडते.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला नेमबाजीत ब्राँझ मिळविणारा स्वप्नील कुसाळे हाही आपल्याच कोल्हापूर जिल्ह्याचा, राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा. त्याची वाट मात्र वेगळी होती. २००९ साली तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथे तयार झाला. रायफल, काडतुसे, नेमबाजीची रेंज हे गावच्या शाळेला झेपणारे नव्हे. म्हणजे काही गोष्टी एकत्र केल्यानेच होतात, हेही मान्य केले पाहिजे.

वाडीच्या समोरचेच उदाहरण घ्या. २०१४ साली ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वेटलिफ्टिंगमध्ये गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी या तिघांनी ब्राँझपदके मिळविली. तिघेही कुरुंदवाडचे. एका लहान गावात एक चांगली व्यायामशाळा आणि शिकविणारा माणूस असला तर काय होते, ते नदीपलीकडे पाहून कळते. मोठे शहर लागत नाही. रोज वजन उचलायला जवळ जागा लागते आणि चूक दाखवायला जवळ माणूस लागतो.

संघ कमी कसे झाले

एवढे चांगले होते तर ते विसकटले कसे? दोष एकाचा नाही.

पहिले कारण घरचे. पूर्वी एका घरात पाच-सहा लेकरे असत, आता एक-दोन. ही गोष्ट चांगलीच आहे, पण शाळेचा पट त्यामुळे उतरतो. दुसरे कारण गाडीचे. इंग्रजी शाळेची पिवळी बस बांधावर येऊन उभी राहू लागली आणि ज्याला परवडते त्याने पोर बसमध्ये बसविले. आपल्याकडे शाळा सरकारी हुकमाने जितक्या एकत्र झाल्या, त्याहून जास्त या बसने केल्या. तिसरे कारण पदांचे. शिक्षकांची पदे पटावर ठरतात. पट उतरला की पद जाते आणि लहान शाळेला खेळाचा वेगळा शिक्षक मिळत नाही. गणिताचे सर शिट्टी वाजवतात, कधी तीही वाजत नाही. चौथे कारण मार्कांचे. दहावीच्या वर्षी पोराला क्लासला पाठवतात, मैदानावर नाही.

सरकारनेही हिशेब मांडला. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा जवळच्या शाळांत सामावून घेण्याचे ठरले, त्यावर राज्यभर वाद झाला. २०२३ च्या सप्टेंबरात समूह शाळांचे प्रस्ताव मागविण्यात आले. त्या वेळी विसापेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ आणि त्यांतील मुले १,८५,४६७ असल्याचे आकडे पुढे आले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ ही समूह शाळांची उदाहरणे म्हणून सांगितली गेली. हे आकडे मुख्यतः प्राथमिक शाळांचे आहेत. पण प्राथमिक शाळेतूनच हायस्कुलाला मुले मिळतात. खालचा झरा आटला की वरची विहीर किती दिवस टिकणार?

सातासमुद्रापलीकडचे मायलन

हे सगळे आपल्याच वाट्याला आले असे समजू नका. अमेरिकेत १९३९-४० साली शाळांचा कारभार पाहणारी मंडळे १ लाख १७ हजारांवर होती. १९७०-७१ पर्यंत एकत्रीकरण होत होत ती सुमारे १८ हजारांवर आली. तिथल्या इंडियाना राज्यात बास्केटबॉल म्हणजे आपल्याकडची कबड्डी आणि कुस्ती मिळून जे वेड, तेवढे वेड. मायलन हे तिथले लहानसे शेतकरी गाव. त्याच्या हायस्कुलात मुले-मुली मिळून १६१. सातशेवर शाळांच्या राज्यस्पर्धेत १९५४ साली या शाळेचा संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि कैक पटींनी मोठ्या मन्सी सेंट्रल शाळेला त्याने ३२-३० असे हरविले. शेवटच्या क्षणी बॉबी प्लम्प या मुलाने टाकलेला चेंडू जाळीतून गेला. १९८६ साली त्या गोष्टीवर एक गाजलेला चित्रपटही निघाला.

पाचच वर्षांनी, १९५९ साली, त्या राज्यात शाळा एकत्र करण्याचा कायदा झाला. शेकडो गावांची हायस्कुले मिटली आणि त्यांच्या संघांची नावे व रंग त्यांच्याबरोबर गेले. १९९७-९८ पासून तिथे पटाप्रमाणे शाळांचे चार गट पाडून वेगवेगळ्या स्पर्धा घेऊ लागले. लहानांना संधी मिळावी हा हेतू. काहींना ते आवडले, काहींना वाटले की लहानाने मोठ्याला हरविण्याची मौजच गेली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

दुसरी बाजूही पाहावी

लहान शाळा म्हणजे सगळे सोनेच, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दोन शिक्षक आणि पाच वर्ग असलेल्या शाळेत पोरांचे नुकसान होते. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही, इंग्रजीला शिक्षक नाही, अशा हायस्कुलातून दहावी झालेला मुलगा पुढे अडतो. आणि पट दहा-बारावर आला की संघही उभा राहत नाही. मुलेच नसतील तर मैदान काय कामाचे? अशा ठिकाणी एकत्र येणे शहाणपणाचे आहे, फक्त ते कसे करायचे हा प्रश्न आहे.

याचे उत्तर जुनेच आहे. १९६४ ते १९६६ च्या कोठारी आयोगाने शाळा-संकुलाची कल्पना मांडली होती. एक हायस्कूल मध्यवर्ती धरायचे आणि आजूबाजूच्या शाळांनी शिक्षक, साहित्य, प्रयोगशाळा वाटून घ्यायची. शाळा आपापल्या गावीच राहतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पाच ते दहा किलोमीटरच्या परिघातल्या शाळांच्या संकुलाची शिफारस आहे. बैल दोघांत मिळून ठेवण्याची 'सावड' आपल्या शेतकऱ्याला नवी नाही. एकाचा बैल, दुसऱ्याचा बैल, जोडी दोघांची. पण म्हणून कुणी आपले शेत दुसऱ्याला देऊन टाकत नाही. शाळांनीही अशी सावड करावी. तीन-चार गावांत मिळून एक खेळाचा शिक्षक फिरता ठेवावा, सोमवारी एका गावी, मंगळवारी दुसऱ्या.

गावाने काय करावे

सरकार काय करील ते करील. गावाच्या हातात असलेल्या गोष्टी अशा :

शाळेचे मैदान आधी राखा. सातबारा आणि गावठाणाच्या नकाशावर ते शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नावे आहे का, हे पाहून घ्या. शाळा बंद पडली तरी मैदान मुलांसाठीच राहील, असा ग्रामसभेचा ठराव करून ठेवा. एकदा त्या जागेवर गाळे उभे राहिले की पुढच्या पिढीला खेळायला रस्ताच उरतो.

क्रीडा खात्याच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास अनुदानाच्या योजना आहेत. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कचेरीत त्यांची चौकशी करा. कागद पुरे असले की काम पुढे सरकते.

शाळा एकत्र झालीच, तर मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांना भेटून सांगा की शाळेत गावनिहाय संघ ठेवून आपसात सामने घ्यावेत आणि त्यातून शाळेचा संघ निवडावा. म्हणजे सगळ्यांना खेळायला मिळेल आणि गावची नावेही राहतील. सरावाच्या दिवशी मुलींना घरी आणण्याची पाळी पालकांनी आपसात लावून घ्यावी.

घरात पोर खेळायला मागत असेल तर 'दहावी आहे' म्हणून एकदम बंद करू नका. वरच्या पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत. पण तेवढ्यासाठीच खेळवू नका. संध्याकाळचा तासभर घाम गाळलेले पोर रात्री मोबाईल बाजूला ठेवून झोपते, हाही फायदा लहान नाही.

आणि शेवटचे. शाळा बंद झाली तरी तिचे जनरल रजिस्टर जपून ठेवावेच लागते. जन्मतारीख आणि जातीचा दाखला काढायला लोक चाळीस वर्षांनीही त्याच्यासाठी येतात. ऑफिसच्या कपाटातल्या ढालींना आणि चषकांना मात्र असे संरक्षण नाही. शाळा हलली की त्या पोत्यात जातात आणि पोते कुठे गेले ते कुणाला सांगता येत नाही. भिंतीवरच्या संघाच्या फोटोंना वाळवी लागते. म्हणून ज्या गावात अजून शाळा आहे, तिथल्या तरुण मंडळाने या दिवाळीत एक काम करावे. एक वही घ्यावी. जुने खेळाडू, जुने मास्तर, त्यांच्या घरची माणसे यांच्याकडे जाऊन कोणत्या सालच्या संघात कोण होते, कुठे सामना झाला, कुणी कुणाला हरविले, ते लिहून काढावे. फोटोच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. मुलींच्या संघाची नावे विशेष काळजीने लिहावीत, कारण लग्नानंतर नाव बदलले की त्या सापडत नाहीत. ज्या सासरी गेल्या त्यांना राखीपौर्णिमेला किंवा जत्रेला माहेरी आल्यावर गाठावे. वही ग्रामपंचायतीत ठेवावी आणि ढाली ग्रंथालयाच्या कपाटात.

हे काम दोन-तीन वर्षे पुढे ढकलण्यासारखे नाही. पहिल्या हायस्कुलांच्या पहिल्या संघातले गडी आता सत्तरी-ऐंशीला आले आहेत. त्यांना अजून सगळे आठवते. कुणी चढाई केली, कुणी पाय धरला आणि लोण कुणी चढविला, सगळे. विचारणारा तेवढा हवा.